दात असलेला मुंगीखाऊ

मुंग्यांवर पोट भरायचं ठरवलं की दात जातात. तोंड वाकडं करू नकोस जुई, कीड लागून जातात असं मी म्हणत नाहीये. लाखो वर्षांत, पिढ्यांमागून पिढ्या सरताना ते बारीक होत होत नाहीसे होतात, कारण त्यांना कामच राहत नाही. मुंगी चावायची ती किती? एका रात्रीत हजारोंनी गिळायच्या असतील, तर एकेक चघळत बसणाऱ्याचं पोट भरणार कधी?

आपल्या कोकणातलं खवल्या मांजर घ्या. तोंडात एकही दात नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या मुंगीखाऊला नाही. ऑस्ट्रेलियातल्या काटेरी एकिडनाला नाही. आणि गंमत बघा, हे तिघं एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. खवल्या मांजर नात्याने कुत्र्यामांजरांच्या बाजूचं, मुंगीखाऊ स्लॉथचा भाऊबंद, आणि एकिडना तर चक्क अंडी घालतो. तीन वेगवेगळ्या खंडांत तिघांनी आपापले दात सोडले आणि लांब, चिकट जीभ धरली. धंदा एक असला की हत्यारंही एकसारखी होतात.

आता आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला, एक प्राणी राहतो. त्याचं नाव आर्डवार्क. तोही मुंग्या आणि वाळवीच खातो. जीभ फूटभर लांब, चिकट. सगळं या तिघांसारखं. फक्त त्याच्या तोंडात दाढा आहेत. आणि त्यासुद्धा अशा, की जगात आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याला तशा नाहीत.

थांब आदू, दाढांकडे येतोच. आधी तो दिसतो कसा ते ऐक. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच-सहा फूट. वजन पन्नास-साठ किलो. पाठीला बाक, कातडी जाड आणि पिवळट करडी, त्यावर विरळ राठ केस. पण त्याचा खरा रंग फार थोड्यांनी पाहिला असेल, कारण तो ज्या मातीत राहतो त्याच मातीच्या रंगाचा झालेला असतो. तोंड लांब नळकांड्याचं, पुढे डुकराचं वाटावं असं नाक, वर उभे लांब कान, आणि बुडाशी जाडजूड होत गेलेली शेपटी. पुस्तकांत त्याचं वर्णन करताना डुक्कर, गाढव, ससा, कांगारू असे चार-पाच प्राणी हाताशी घेतात. मला ती पद्धत आवडत नाही. तो कुणाचा जोडून केलेला नाही, तो त्याचाच आहे.

मोठमोठे लोकही या दिसण्याला फसले, बरं का. १७६६ साली पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्याला अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या घरात नेऊन बसवलं. मुंग्या खातो, म्हणजे मुंगीखाऊ. तीस वर्षांनी, १७९६ मध्ये, फ्रान्सच्या एतिएन जोफ्रुआ सँतिलेर यांनी त्याला तिथून बाहेर काढलं आणि स्वतंत्र नाव दिलं. मग १८७२ साली इंग्लंडच्या टॉमस हक्सली यांनी त्याच्यासाठी एक अख्खा गणच मांडला, आणि त्या गणाचं नाव ठेवलं ट्युब्युलिडेंटाटा, म्हणजे नळ्यांच्या दातांचे. त्या गणात आज एकच प्राणी उरलाय. हाच.

आता दाढा. तुमच्या-माझ्या दातावर बाहेरून इनॅमलचं कडक, चकचकीत कवच असतं. आत डेंटिन, आणि त्याच्या मध्यभागी शिरा आणि रक्तवाहिन्यांची एक पोकळी. आर्डवार्कच्या दाढेवर इनॅमल नाहीच. आणि आतली पोकळी एक नसून शेकडो आहेत. पूर्वी बोरूने लिहायचे ते ठाऊक आहे ना? बोरूच्या काड्यांची घट्ट बांधलेली जुडी आडवी कापली तर वरून जशी दिसेल, तशी त्याची दाढ भिंगाखाली दिसते. डेंटिनच्या बारीक उभ्या नळ्या, एकीला एक खेटलेल्या, म्हणून गोल न राहता षटकोनी झालेल्या. प्रत्येक नळीच्या मधोमध तिची स्वतःची पोकळी. आणि सगळ्यांना बांधून ठेवायला भोवती सिमेंट. हो हो, दातांच्या शास्त्रात त्या थराला सिमेंटच म्हणतात, घर बांधायचं नव्हे. सगळ्यात मोठ्या दाढेत अशा सुमारे दीड हजार नळ्या असतात. दाढेला मूळ नाही, त्यामुळे ती वरून झिजत जाते आणि खालून वाढत राहते, जन्मभर. पुढच्या बाजूला मात्र काही नाही. मोठ्या आर्डवार्कला पटाशीचे दातही नाहीत आणि सुळेही नाहीत.

मग त्याचे सोयरे कोण? ते ओळखायला दात पुरले नाहीत, हाडं पुरली नाहीत. रक्ताचं, म्हणजे डीएनएचं, नातं वाचता यायला लागलं तेव्हा कुठे उलगडा झाला. १९९८ साली शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत उगम पावलेल्या प्राण्यांचा एक मोठा गोतावळा मांडला, त्याचं नाव आफ्रोथेरिया. त्यात कोण कोण निघालं सांगू? हत्ती. समुद्रात गवत चरणारे मॅनाटी आणि डुगाँग. खडकांवर ऊन खात बसणारा, सशाएवढा हायरॅक्स. वाळूत पोहणारा आंधळा सोनेरी मोल. आणि आर्डवार्क. लग्नात एका ओळीत उभे केले तर फोटोवाला म्हणेल, हे एका घरचे नाहीत. पण आहेत. यातले हत्ती आणि डुगाँग आपल्याकडेही आहेत, डुगाँग तमिळनाडूजवळ पाल्कच्या सामुद्रधुनीत चरतो.

आणि एके काळी तो स्वतःसुद्धा आपल्या बाजूला होता. शिवालिकच्या टेकड्यांतल्या खडकांत अमेरिकी शोधपथकांना काही हाडं-दात मिळाले होते. १९३३ साली एडविन कोल्बर्ट या जीवाश्मतज्ज्ञाने जाहीर केलं की हे आर्डवार्कच्या भाऊबंदांचे अवशेष आहेत. नळ्यांची दाढ एकदा ओळखीची झाली की तुकडासुद्धा पुरतो, दुसऱ्या कुणाची ती असूच शकत नाही. ग्रीसच्या सामोस बेटावरही असे अवशेष सापडलेत. माणूस अजून जन्मायचा होता तेव्हा हे कूळ पंजाबपासून भूमध्य समुद्रापर्यंत वारुळं फोडत हिंडत होतं. बाकीचे गेले, आफ्रिकेतला एक राहिला.

आता त्याची रात्र बघू. अंधार पडला की तो बिळाच्या तोंडाशी येतो आणि थांबतो. बराच वेळ. आधी नाक बाहेर, मग कान. सिंह, बिबट्या, तरस, रानकुत्रे, सगळ्यांचीच ही उठायची वेळ, त्यामुळे घाई करून चालत नाही. डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही. त्याच्या डोळ्यांत अंधारात बघायच्या पेशी तेवढ्या आहेत, रंग ओळखायच्या नाहीतच. सगळी भिस्त नाकावर. नाकाच्या आत अतिशय पातळ, वळ्या पडलेली हाडं असतात. वास घेणारं अस्तर त्यांच्यावर पसरलेलं असतं, म्हणजे हाडं जितकी जास्त तितकी वासाला जागा जास्त. कुत्र्याच्या नाकात अशी चार-पाच असतात. आर्डवार्कच्या नाकात नऊ ते अकरा. दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याच्या नाकात इतकी नाहीत.

मग तो निघतो. नाक जमिनीला जवळजवळ टेकवून, नागमोडी, डावीकडून उजवीकडे जमीन हुंगत. एका रात्रीत काही किलोमीटर चाल होते. वास लागला की थांबतो, नाक मातीत खुपसतो, आणि खात्री पटली की मागच्या पायांवर आणि त्या जाड शेपटीवर भार टाकून उकरायला बसतो. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. नखं टोकदार नाहीत, रुंद, चपटी आणि भक्कम. पुढच्या पायांनी माती पोटाखाली ओढायची, मागच्यांनी ती पाठीमागे उडवायची. उकरताना नाकपुड्या मिटून घेतो. शिवाय नाकपुड्यांत दाट केस आहेत, ते धूळही अडवतात आणि मुंग्याही. कान मागे दुमडतो, म्हणजे त्यांत माती जात नाही.

वाळवीच्या वारुळाची भिंत उन्हात भाजून कशी होते ते तुम्ही पाहिलंय. आपण टिकाव घेतला तरी घाम फुटतो. हा तिला भगदाड पाडतो आणि तोंड आत घालतो. आत एकच गोंधळ उडतो. काही वाळव्यांचे शिपाई तर डोक्याच्या पुढे आलेल्या टोकातून उग्र, चिकट द्रव फवारतात. आर्डवार्कची कातडी इतकी जाड की असल्या गोष्टींनी त्याचं फारसं बिघडत नाही. बारीक, लाळेने चिकट झालेली जीभ बोगद्यात जाते, वाळव्यांसकट परत येते, पुन्हा जाते. चावणं नाही. वाळव्यांबरोबर माती, वाळू, जे येईल ते पोटात. आणि थोड्याच वेळात, वारूळ अजून भरलेलं असताना, तो पुढच्या वासाकडे निघून जातो. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जे वारूळ जिवंत राहिलं त्याच्याकडे पुन्हा येता येतं. एका रात्रीत पन्नास हजारांपर्यंत किडे तो फस्त करतो असं सांगतात. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तिथे त्याचा मोठा भर वाळवीपेक्षा मुंग्यांवर निघाला, आणि त्यातही एकाच चिडखोर जातीवर.

आदूचा प्रश्न बरोबर आहे, मग दळायचं कुठे? पोटात. त्याच्या जठराचा शेवटचा भाग स्नायूंनी जाड झालाय. तिथे किडे भरडले जातात, बरोबर आलेली वाळूही त्या कामी येत असणार. म्हणजे बघा, किड्यांसाठी दाढांची उरलीसुरली गरजही संपली. तरी दाढा आहेत.

याचं एक उत्तर जमिनीखाली आहे. आफ्रिकेत काकडीची एक रानटी वेल असते. तीच काकडी-खरबुजाची जात, पण तऱ्हा वेगळी. फूल जमिनीवर फुलतं. फळ धरलं की देठ वाकतो आणि फळाला मातीत घुसवतो, आपल्या भुईमुगाच्या आऱ्या जातात तसा, पण कितीतरी खोल. फूटभर खोलीवर ते फळ वाढतं, पिकतं, आणि चिवट सालीमुळे महिनोन्‌महिने न कुजता पडून राहतं. वरून काही दिसत नाही. दिसायची गरजही नाही, कारण ज्याच्यासाठी ते ठेवलंय तो नाकाने बघतो.

आर्डवार्क ते उकरतो आणि खातो. कोरड्या मुलखात ते त्याचं पाणीही असतं. एरवी त्याला पाणी मिळतं ते बहुतेक किड्यांच्या अंगातलंच. आणि तो एक सवयीचा प्राणी आहे: विष्ठा टाकली की वर माती ओढतो. फळाच्या बिया त्याच्या पोटातून अख्ख्या बाहेर पडतात, भुसभुशीत मातीत, खतासकट, आपोआप पेरल्या जातात. म्हणून या वेली त्याच्या बिळांच्या आसपास उगवलेल्या दिसतात. इतक्या खोलचं फळ उकरून बी पसरवणारं दुसरं कोणी माहीत नाही. म्हणजे त्या वेलीचा सगळा वंश एका प्राण्याच्या भरवशावर.

आणि फळ मुंगीसारखं गिळता येत नाही, चावावं लागतं. म्हणून त्याच्या दाढा टिकल्या, असा एक तर्क आहे. मला तो आवडतो. पूर्ण पटतो असं नाही म्हणणार, कारण रोजच्या जेवणात फळाचा वाटा किती, आणि किड्यांचा किती? तेवढ्यासाठी लाखो वर्षं दाढा सांभाळल्या असतील का? पण याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही.

बिळांची गोष्ट राहिली. आर्डवार्क तीन तऱ्हेची बिळं करतो. खाणं शोधताना केलेले खड्डे, दिवसभर डोळा लागावा एवढ्यापुरती साधी बिळं, आणि पिल्लासाठी मोठं घर, कधी कधी दहा मीटरांहून लांब, एकापेक्षा जास्त दारांचं. साधी बिळं तो सारखी बदलतो. आज इथे, चार दिवसांनी तिथे. जुनं सोडून दिलेलं बीळ ओस मात्र राहत नाही. तिथे साळिंदर येतं, तरस येतं, रानकुत्री पिल्लं घालते, घोरपड, अजगर, वटवाघळं येतात. वॉर्टहॉग नावाचं आफ्रिकेतलं रानडुक्कर बिळात उलटं, बुडाकडून शिरतं, म्हणजे सुळे दाराकडे राहतात. ब्लू स्वॅलो नावाची एक निळी भिंगरी आहे, संख्येने फार थोडी उरलेली. ती असल्या बिळाच्या छताला मातीचं घरटं करते. यांतल्या बहुतेकांना असं खोल बीळ स्वतः खणता येत नाही. कडक उन्हात आणि गोठवणाऱ्या रात्रीत बिळातली हवा बेताची राहते, म्हणून या जागांना एवढी मागणी.

शेतकऱ्यांना मात्र तो फारसा आवडत नाही. कुंपणाखालून खणतो, मग त्या भोकातून कोल्हे मेंढ्यांपर्यंत पोचतात. बंधाऱ्याच्या भरावात बीळ केलं तर भराव खचतो. त्यांचं म्हणणंही खोटं नाही.

पिल्लू एकच होतं, सात महिन्यांनी. गुलाबी, केस नसलेलं, सगळ्या अंगाला सुरकुत्या, वजन दोनेक किलो. दोन आठवडे बिळात, मग आईच्या मागे मागे. सहा महिन्यांचं झालं की स्वतःचं बीळ स्वतः खणतं. आदू, तुला अजून चादरीची घडी घालता येत नाही. असो.

दक्षिण आफ्रिकेच्या कालाहारीत त्स्वालू नावाचं अभयारण्य आहे. तिथे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काही आर्डवार्क पकडून त्यांच्या पोटात छोटी यंत्रं बसवली आणि सोडून दिले. अंगाचं तापमान किती आणि हालचाल कधी, एवढंच ती यंत्रं नोंदवत होती. तेवढ्यात २०१२-१३ चा उन्हाळा आला. तिकडे पाऊस उन्हाळ्यात पडतो, आणि त्या वर्षी तो पडला नाही. पाऊस नाही म्हणून गवत नाही. तिथली वाळवी गवतावर जगते, म्हणून वाळवी नाही. ही साखळी आपण फळ्यावर काढतो तेव्हा साधी वाटते. यंत्रांत ती आकड्यांनी उतरली.

भुकेल्या आर्डवार्कांनी आधी वेळ बदलली. रात्रीऐवजी संध्याकाळी, मग दुपारीच बाहेर यायला लागले. कारण कळायला सोपं आहे. थंड रात्री अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागतं, आणि जाळायला अन्नच नव्हतं. दिवसा उन्हात ते काम सूर्य फुकट करतो. पण तेवढ्याने भागलं नाही. ज्या शरीराचं तापमान एरवी आपल्याच आसपास असतं, ते रात्री उतरत उतरत २५ अंशांपर्यंत आलं. यंत्रं बसवलेले सहा होते. त्यांतले पाच मेले. २०१७ साली त्या शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे प्राणी उष्णतेने मेले नाहीत, उपासमारीने मेले. उन्हाळ्याला त्यांच्याकडे बीळ होतं. भुकेला काही नव्हतं.

आफ्रिकेत सहलीला जाणारे लोक जन्मभर आर्डवार्क बघायची आस धरतात. तिथले वाटाडेसुद्धा वर्षानुवर्षं त्याला न बघता काढतात. अशा माणसाला तो भर दुपारी, उघड्यावर, गाडीपासून वीस पावलांवर दिसला की तो आनंदाने वेडा होतो आणि घरी सगळ्यांना फोटो पाठवतो.

काय जुई? तुला दिसला तर फोटो काढायचा की नाही? काढ ना. पण काढताना भिंग त्याच्या पाठीकडे वळव. पाठीचा कणा वर आलेला दिसतोय का, कमरेची हाडं टोचल्यासारखी दिसताहेत का, शेपटीचं बूड पूर्वीसारखं जाड आहे का. एवढं बघ, आणि तो फोटो त्या अभयारण्यातल्या लोकांना दे. त्यांना तो तुझ्यापेक्षा जास्त लागणार आहे.